वावटळ, वळीव आणि सरकारी शब्द

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय नुकसानभरपाई आणि पीकविमा हा आहे. तो सोडून आम्ही वाऱ्यावर बोलायला उभे राहिलो, तर "ह्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नाही, आता हवेत गप्पा मारतात," असे कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. विषय तोच आहे, फक्त आम्ही तो जमिनीकडून सुरू करतो आहोत. जमिनीवरून वर चढणारी हवा हाच आपल्या शेतीचा खरा पाटकरी आहे. तो पाणी सोडतो, अडवतो, एकाच्या बांधापर्यंत आणतो आणि दुसऱ्याचे रान कोरडे ठेवतो. त्याच्या कामाला आपल्याकडे एक शब्द आहे आणि कचेरीत दुसरा. पैसे वाटले जातात ते कचेरीतल्या शब्दावर. म्हणून आज आधी शब्दांचा हिशेब मांडू.

आपल्याकडचे शब्द आधी घेऊ. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेल्या रानाकडे दुपारी पाहिले की पलीकडचे झाड थरथरताना दिसते. त्याला आपण झळा म्हणतो. मोकळ्या मुरमाड माळावर वारा पडलेला असताना अचानक धूळ, पाचोळा, कागद गरगरत वर जातात, ती वावटळ. तिच्यात भूत असते म्हणून म्हाताऱ्या बाया पोरांना बाजूला ओढायच्या. मेच्या शेवटी दुपारी तीनच्या पुढे डोंगरासारखे पांढरे ढग उभे राहतात, तेव्हा आपण म्हणतो "आभाळ उठलं". त्यातून पडतो तो वळीव. घार पंख न हलवता घिरट्या घालत उंच जाते, तिला आपण "तरंगते" म्हणतो. झळा, वावटळ, उठलेले आभाळ, तरंगणारी घार, वळीव ही पाच नावे आहेत आणि पाचहींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. आपल्या भाषेने ती हवा डोळ्यांनी जशी दिसली तशी पाच ठिकाणी टिपली. मात्र नुसत्या वर जाणाऱ्या हवेला वेगळे नाव दिले नाही. "वरचा वारा" म्हणावे तर आमच्या भागातल्या अनेक गावांत त्याचा अर्थ नदीच्या उगमाच्या अंगाकडून येणारा वारा असा होतो, वर जाणारा असा होत नाही.

आता शाळेतले शब्द. भूगोलाच्या पुस्तकात पावसाचे तीन प्रकार असतात. आरोह पर्जन्य, प्रतिरोध पर्जन्य आणि आवर्त पर्जन्य. आपल्यापैकी कितीजणांनी ते पाठ करून मार्क मिळवले असतील! पण आरोह पर्जन्य म्हणजेच आपला वळीव हे किती मास्तरांनी सांगितले? पोरगा संध्याकाळी घरी येतो, बापाबरोबर पत्र्याखाली उभा राहून वळीव पाहतो, आणि सकाळी परीक्षेत आरोह पर्जन्यावर टीप लिहितो. दोन्ही एकच आहेत हे त्याच्या ध्यानी येत नाही. आमच्यासारखे कृषी महाविद्यालयात शिकले त्यांना तर हे सगळे इंग्रजीतून शिकवले गेले. पुण्याच्या प्रयोगशाळेत 'अपड्राफ्ट' म्हणतात, कामशेतच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग करणारे आणि हडपसरला ग्लायडर उडवणारे 'थर्मल' म्हणतात. गंमत अशी की, हे थर्मल शोधायला ती मंडळी आभाळात घार कुठे फिरते आहे ते पाहतात. घारीचे शास्त्र घारीपाशीच राहिले, नाव तेवढे इंग्रजी झाले. गिधाडेही याच हवेवर दिवसभर तरंगायची. ती आता दिसत नाहीत. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने त्यांचा निकाल लावला. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर आपल्या गावांच्या हाडकीवरून गिधाडे गेली होती.

काळी जमीन आणि वीतभर हवा

हवेचे हे शास्त्र परदेशातून आले असे समजू नका. १९२८ साली शाही कृषी आयोगाने शिफारस केली आणि १९३२ साली पुण्याच्या हवामान खात्यात शेतीहवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे काम पाहणारे डॉ. एल. ए. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. त्यांनी मोजमाप केले ते आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीवर. उन्हाळ्यात दुपारी काळ्या मातीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो, अनवाणी चालणाऱ्याला ते सांगायला नको. पण त्याच्यावर वीतभर उंचीत हवा किती झपाट्याने निवते हे या लोकांनी बोटाबोटाने मोजले. ज्या थराला आपण झळा म्हणतो त्याचाच हा अभ्यास होता. काळ्या मातीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर दिला तर माती किती थंड राहते, हेही त्यांनी करून पाहिले. म्हणजे जमिनीचा रंग आणि तिच्यावरचे आच्छादन बदलले की वर जाणारी हवा बदलते. रानात तुराट्या-पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचे आच्छादन करा असे आम्ही सांगतो ते ओलीसाठी. पण या झळांच्या हिशेबातही ते बसते.

आता वर गेलेली हवा पुढे काय करते? ती जसजशी वर जाते तसतशी पसरते आणि निवते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी निवते. निवता निवता अशी उंची येते की तिच्यातल्या ओलीचे दव होऊ लागते. तिथे ढगाचे बूड. म्हणून उन्हाळ्यातल्या ढगांची बुडे एका ओळंब्यात कापल्यासारखी सपाट दिसतात.

याचा ठोकताळा साधा आहे. हवेचे तापमान आणि दव पडण्याचे तापमान यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला सव्वाशेने गुणा. तितक्या मीटरवर ढगाचे बूड. मेमध्ये दुपारी तापमान ३८ आणि दवाचे तापमान १४ असेल तर फरक २४. गुणाकार तीन हजार मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर ढगाची सुरुवात. तिथून निघालेला थेंब तीन किलोमीटर कोरड्या हवेतून खाली येतो आणि वाटेतच सुकतो. ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबतात, पण जमिनीला टेकत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. "पाऊस हवेतच जिरला" असे आपण म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. जुलैत तापमान २८ आणि दवाचे २२ असले की तोच गुणाकार साडेसातशे मीटरवर येतो. तेव्हा साधी भुरभुरही जमिनीला पोचते.

ढगातला थेंब पडतो केव्हा, हे समजून घ्यायला खळ्यावर चला. मळणीयंत्रे आल्यापासून उफणणी गेली. पण चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने बाप किंवा चुलता वावडीवर उभा राहून पाटी हलवताना पाहिला असेल. वाऱ्याला भूस धरवते, दाणा धरवत नाही. दाणा खाली पडतो, भूस उडते. ढगातही हेच चालते, फक्त वारा आडवा न वाहता खालून वर वाहतो. ढगातला कण इतका बारीक असतो की मंद वारासुद्धा त्याला धरून ठेवतो. असे दहा लाखांच्या आसपास कण एकत्र आले की एक चांगला थेंब होतो. वर जाणाऱ्या वाऱ्याला तो पेलेनासा झाला की पडतो. वारा जितका जोराचा तितका दाणा मोठा होईपर्यंत वर अडकून राहणार. म्हणूनच वळवाचे थेंब टपोरे आणि श्रावणसरींचे बारीक.

गारही अशीच. बोराएवढी गार तोलून धरायला सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाचा वर जाणारा वारा लागतो. लिंबाएवढीला पंचवीस मीटर, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर. महामार्गावरच्या मोटारीच्या वेगाने हवा सरळ उभी वर जात असते आणि तिच्या डोक्यावर गार नाचत मोठी होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट आठवा. काढणीला आलेली ज्वारी आणि हरभरा कुट्टी केल्यासारखे झाले, पाखरे झाडाखाली मरून पडली. "वाऱ्याने पीक गेलं" असे म्हणणाऱ्याला तेव्हा साहेब म्हणाले, "वाऱ्याने नाही, गारेने लिहा." साहेबांच्या कागदापुरते ते बरोबर होते. पण गार तयार केली वाऱ्यानेच.

घाटघरचा पाऊस आणि आपला पाऊस

आपला जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, हवेच्या दृष्टीने दोन जिल्हे आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई-रतनगडाची रांग. समुद्राकडून आलेली ओली हवा तिथे डोंगराला अडते आणि तिला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. हा पुस्तकातला प्रतिरोध पाऊस. घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या वर पडतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले ते याच पाण्यावर. तीच हवा माथा ओलांडून खाली उतरली की पुन्हा दाबली जाते, तापते आणि कोरडी पडते. संगमनेरपासून पारनेर, नगर, कर्जत, श्रीगोंद्यापर्यंत आपण त्या उतरत्या हवेखाली आहोत. पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर हा आपला वाटा. याला पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द ऐकायला गोड आहे, उन्हात झाडाखाली बसल्यासारखा. या सावलीत बसलेल्या माणसाचे घसे तेवढे कोरडे असतात.

मग आपल्याला पाऊस देते कोण? एक, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन इकडे सरकला तर तो. आणि दुसरे, आपल्याच तापलेल्या रानातून वर गेलेली हवा. जूनच्या सुरुवातीला रोहिणी-मृगात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत, असे आपल्या पावसाचे दोन उंचवटे आहेत. मधल्या जुलै-ऑगस्टात पश्चिमेचा वारा सुसाट वाहतो, ढग पळतात, पण उभे राहत नाहीत. आडवा वारा जोरात असला की उभा ढग वाढत नाही. वारा पडला, ऊन तापले, हवेत ओल असली की दुपारनंतर पूर्वेला आभाळ उठते. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची ती या दुसऱ्या उंचवट्याच्या जिवावर. मालदांडी असो की राहुरीच्या विद्यापीठाची फुले वसुधा असो, पेरल्यानंतर ती काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर येते. ती ओल देतो हस्ताचा पाऊस, आणि तो बहुतेक चढत्या हवेचा पाऊस असतो. पाथर्डी-शेवगावच्या कापसाची बोंडे फुटायला लागतात तीही नेमकी त्याच वेळी. एकाच ढगात ज्वारीवाल्याचे भाग्य आणि कापूसवाल्याचा घात असतो.

या पावसाचा स्वभाव असा की तो तुकड्यातुकड्याने पडतो. एक उठलेला ढग पाच-दहा किलोमीटर रुंद, त्याचे आयुष्य तासाभराचे. पहिल्या वीस मिनिटांत फक्त वर जाणारी हवा. मग पाऊस सुरू होतो, त्याच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येणारा गार वाऱ्याचा झोत, मातीचा वास, पत्रे उडणे हे सगळे त्या उतरत्या हवेचे काम. शेवटी नुसतेच उतरणे उरते आणि ढग विरतो. म्हणून ध्यानात ठेवा : दुपारी कडक उन्हात फिरते ती वावटळ, वर जाणारी, संध्याकाळी ढगातून येतो तो झोत, खाली येणारा. आपण दोन्हींना "वादळ झालं" म्हणतो. गोठा पडला, उभी ज्वारी लोळली, तर अर्जात "वावटळीने पडली" असे लिहू नका. वावटळ कुठल्याच यादीत नाही. "मेघगर्जनेसह वादळी वारा व अवेळी पाऊस" असे लिहा, वेळ लिहा, पाऊस पडला असेल तर तो लिहा.

ढगात मीठ

दुष्काळ पडला की मंत्रालयात कुणाला तरी कृत्रिम पावसाची आठवण होते. त्याचा खरा इतिहास आपल्या शेजारचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षे सोडून अकरा हंगाम, बारामती आणि नगरच्या बाजूला विमानातून ढगांत मिठाची पूड टाकून पाहिली. पाऊस सुमारे २४ टक्के वाढला असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पुढे २०१८ आणि २०१९ साली त्याच संस्थेने सोलापूरच्या परिसरात २७६ ढगांवर प्रयोग केला. काही ठिकाणी वाढ ४६ टक्क्यांपर्यंत, पण शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के. ही शास्त्रज्ञांची प्रामाणिक कामे आहेत आणि आम्ही ती नाकारत नाही. पण प्रयोगात ढग निवडून घेतले होते. ज्यात हवा जोराने वर चढते आहे, ओल आहे, असे ढग. उठलेल्या ढगातून थोडे जास्त पाणी काढता येते. न उठलेल्या ढगातून काहीच निघत नाही. दुष्काळात ढगच उठत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी, २००३ साली, २०१५ साली, २०१९ साली सरकारने विमाने उडवली. बी नसलेल्या रानाला युरिया टाकण्यासारखे आहे ते. वर्तमानपत्रांत विमानाचे फोटो मात्र झकास आले.

पैसे कोणत्या शब्दाला मिळतात

आता कचेरीत चला. हवामान खात्याच्या अंदाजातले शब्द मापलेले असतात, आपण ते बोलण्यातल्यासारखे ऐकतो. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी फार तर पाव मापकांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यांपर्यंत. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे तीन चतुर्थांशांच्या वर. "तुरळक पाऊस" म्हणजे थोडा पाऊस नव्हे. तुरळक ठिकाणी ढग फुटूही शकतो. अंदाज ऐकून कापूस वेचणी लांबवायची की उरकायची हे ठरवताना हा फरक कामाचा आहे.

भरपाईचे शब्द याहून कडक. चोवीस तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पडला तर ती अतिवृष्टी. ६३ पडला तर नाही. तासाला शंभर मिलीमीटर पडला तर ढगफुटी. केंद्राच्या यादीत गारपीट आहे, ढगफुटी आहे, पूर आहे, दुष्काळ आहे. अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे हे राज्याने आपल्या यादीत घातले. "सततचा पाऊस" हा शब्द यादीत यायला एप्रिल २०२३ उजाडावे लागले. त्याआधी आठ-आठ दिवस रोज थोडा थोडा पडून कापूस सडला तर ती आपत्ती नव्हती, कारण एकाही दिवशी ६५ भरत नव्हते. सडलेला कापूस तोच, झाड तेच. शब्द आला आणि मग पैसे आले. नुकसान किती हवे याचा आकडाही असाच. २०१५ पर्यंत निम्मे पीक गेल्याशिवाय कुणी दारात उभे करत नव्हते, मग तो आकडा ३३ टक्क्यांवर आला. हे आपोआप झालेले नाही, रस्त्यावर बसल्यामुळे झाले.

हे ६५ मिलीमीटर मोजायचे कुठे? महसूल मंडळाच्या केंद्रावर. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यभर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे बसली, चांगले झाले. पण एका मंडळात पंधरा-वीस गावे. मघाशी सांगितले की उठलेला ढग पाच-दहा किलोमीटरचा, आणि त्यातही मुसळधार पडते ती मधल्या दोन-तीन किलोमीटरवर. केंद्र एका गावात, ढग फुटला दुसऱ्या गावावर. केंद्राच्या वहीत १२ मिलीमीटर, तुमच्या ताली फुटलेल्या. कागद म्हणतो अतिवृष्टी झालीच नाही. घाटघरच्या पावसाला असे एक केंद्र चालेल, तिथे डोंगरभर सारखा पडतो. आपल्या पावसाला ते माप बसत नाही. उभ्या पावसाला आडवी मोजपट्टी लावली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

पीकविम्यात या तुकड्यातुकड्याच्या पावसासाठी एक सोय होती. स्थानिक आपत्ती. गारपीट, ढगफुटी, पाणी साचणे, विजेने लागलेली आग यांनी एकट्या तुमच्या शेताचे नुकसान झाले तरी ७२ तासांत कळवा, तुमच्याच शेताचा पंचनामा होईल. कंपन्या त्यात काय खेळ करायच्या ते आपण जाणतो. फोन लागत नाही, ॲप चालत नाही, मुदत टळली. तरीही तो दरवाजा होता. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला, खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसाला पाच टक्के हप्ता लावला, आणि त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान वगैरे वगळून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे मंडळाची सरासरी. दहा गावे बरी निघाली आणि तुमचे बुडाले, तर सरासरीत तुम्ही बुडालेले दिसतच नाही. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाथर्डी-शेवगावपासून बीड-सोलापूर-धाराशिवपर्यंत रानेच्या राने पाण्याखाली गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. पॅकेज ही मेहेरबानी असते, विमा हा हक्क असतो. हप्ता भरून घेतलेला हक्क काढून घ्यायचा आणि मग मेहेरबानीचे फलक लावायचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

मागणी म्हणून दोन गोष्टी जिल्ह्याच्या ठरावात घालाव्यात असे आम्ही सुचवतो. स्थानिक आपत्तीचे कलम विम्यात परत आले पाहिजे. आणि केंद्राने २०२३ साली जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणे पर्जन्यमापक ग्रामपंचायतीत बसला पाहिजे, आणि त्याचे आकडे रोज चावडीवर लागले पाहिजेत. बसवला आणि कुलूप घातले असे नको.

तोवर आपण काय करायचे

सरकारची वाट पाहत बसायचे नाही. तोंड आणि बूड सारखे असलेला, सरळ उभ्या बाजूंचा कुठलाही डबा पर्जन्यमापक म्हणून चालतो. झाड, भिंत, पत्रा यांपासून लांब, उघड्यावर, घट्ट रोवून ठेवा. सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवा. जितके मिलीमीटर पाणी तितका पाऊस. एक मिलीमीटर म्हणजे एकरी चार हजार लीटर पाणी, हे पोरांना गणितात घाला. प्रत्येक गावात चार दिशांना चार डबे आणि एक वही. वहीत तारीख, पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, मिलीमीटर, आणि पुढे आपले शब्द : वळीव, झड, भुरभुर, गार, झोत. त्यांच्यासमोर कचेरीतला शब्द. ही वही उद्या लगेच कोर्टात पुरावा होईल असे आम्ही म्हणत नाही. पण पन्नास गावांच्या वह्या एकत्र मांडल्या आणि मंडळाचा आकडा त्यांच्याशेजारी ठेवला, तर कलेक्टरला बोलायला काही उरणार नाही.

वहीचा दुसरा उपयोग शेतात आहे. चढत्या हवेची वेळ कळली की फवारणीची वेळ कळते. भर दुपारी फवारले तर बारीक तुषार वाटेतच सुकतात आणि हवेबरोबर वर जातात, पैसे आभाळात. सूर्य बुडाल्यावर फवारले तर हवा पूर्ण पडलेली असते, तुषार खाली न बसता तोंडाच्या उंचीला लोंबत राहतात आणि फवारणाऱ्याच्या छातीत जातात. दव सुकल्यावर दहापर्यंत, किंवा ऊन कलल्यावर सूर्यास्ताआधी, एवढाच काळ बरा. ज्वारीवरच्या चिकट्याचेही तेच. पंख फुटलेला मावा स्वतःच्या बळावर फार लांब जात नाही. सकाळी हवा चढू लागली की तिच्यावर स्वार होतो आणि चार शिवारे ओलांडतो. शेजाऱ्याने फवारले नाही म्हणून माझ्याकडे आला, असे भांडण करण्याआधी एवढे समजून घ्या.

आणि विजेचे एकदा सांगतो. आभाळ उठून त्याचा माथा ऐरणीसारखा पसरू लागला की कापूस वेचणाऱ्या बायांना रानातून काढा. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या खोपटात नाही, पक्क्या घरात. वीज पडून माणूस गेला तर सरकार चार लाख देते, आणि तेवढ्यावर घर चालत नाही. पुण्याच्याच संस्थेचे 'दामिनी' हे ॲप गावात दोघा-तिघांच्या मोबाइलवर असू द्या.

वह्या छापून आणल्या आहेत, बाहेरच्या टेबलावर गावागणिक एक घ्या आणि सही करा. डबा ज्याने त्याने शोधायचा. पुढच्या बैठकीला येताना तो बरोबर आणा, तोंड आणि बूड सारखे आहे का ते इथे मोजून देऊ.